तीन तुकड्यांचा गज

जैनुद्दीननं बंदुकीची नळी साफ करायचे तीन गज फळीवर मांडले आणि विचारलं, "बाय, बंदूक किती नंबरची?"

सावित्रीला नंबर ठाऊक नव्हता. तिनं पिशवीतून काडतुसाची रिकामी पुंगळी काढून पुढे केली. त्यानं पुंगळीच्या बुडावरचा आकडा वाचला. बारा. मांडवीच्या रस्त्यावरचं हे दुकान जाळी, गळ, दोरखंड आणि बंदूक साफ करायचं सामान विकायचं. हे सगळं लांज्यातही मिळालं असतं, पण लांज्यात तिला ओळखणारे पन्नास जण. म्हणून ती हातखंब्याला गाडी बदलून इथवर आली होती.

लोखंडी गज स्वस्त, पण नळीला ओरखडे पाडतो. लाकडी चांगला, पण चांगला दोन हात लांब. पितळी तीन तुकड्यांचा, पेच फिरवून जोडायचा. जैनुद्दीन नीट समजावून सांगत होता आणि सावित्रीचं लक्ष दाराकडे होतं. तिनं पितळी उचलला. तो पिशवीत मावत होता, एवढंच तिनं पाहिलं.

"शेवटची झाडली कधी?" जैनुद्दीननं विचारलं. "काल-परवा झाडली असेल तर फडकं आणि रॉकेल पुरे. जुनी काजळी असेल तर तारेचा ब्रश लागेल."

प्रश्न साधाच होता, पण सावित्रीनं आधी दाराकडे पाहिलं.

"शिमग्यात," ती म्हणाली. नवऱ्यानं जे सांगितलं होतं तेच तिनं सांगितलं, आणि दोन्ही द्या म्हणाली.

आपल्या भावानं कुवेतहून पाठवलेल्या तेलाची बाटलीही जैनुद्दीननं बांधून दिली. "एक ध्यानात ठेवा, बाय. आधी नळी उजेडाकडे धरून आत बघायचं. काय आहे ते बघायचं, मगच गज घालायचा."

ती मान हलवून निघाली.

परवा सकाळी तिच्या नवऱ्याचा, केरूचा, चुलतभाऊ बाबल्या काजूच्या बांधावर मरून पडलेला सापडला होता. छातीत छर्रे होते. त्या बांधावरून केरूचं आणि त्याचं हाडवैर. गणपतीत चार माणसांसमोर केरू म्हणाला होता, एक दिवस तुला डुकरासारखा उडवीन. वाडीत परवान्याच्या बंदुका दोनच, एक केरूची आणि एक शिवाची. पोलीस पाटील काल दोघांच्याही घरी येऊन गेला होता. "फौजदारानं निरोप दिलान. परवा सकाळी बंदुका घेऊन माझ्या खळ्यात या."

केरूनं सावित्रीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "मी हात नाय लावलेला. शिमग्यापासना ती खुटीलाच हाय."

पण बाबल्या सापडला त्याच्या आदल्या रात्री तो उशिरा आला होता. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. कुर्ल्या-खेकडे धरायला गेलो होतो म्हणाला, आणि हातात एक कुर्ली नाही. बंदूक ओटीवर, सावित्री आत निजलेली. त्यानं ती नेली की नाही, तिला काय ठाऊक? तिला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता. पण मन चिंती ते वैरी न चिंती.

ती दुपारी घरी पोचली तेव्हा केरू भात कापायला गेला होता. तिनं बंदूक खुंटीवरून काढली आणि गोठ्यात नेली. गोठ्यात अंधारच होता. वर वाशाभोवती एक कुंभारीण माशी घोंघावत होती. दरवर्षी केरू बंदूक मधून मोडून, नळी उघडी करून साफ करायचा, तशी तिनं ती मोडली. नळी दाराकडे, उजेडाकडे धरायची तिला हिंमत झाली नाही. आत काय दिसेल याचीच भीती वाटली.

तिनं गजाला फडकं बांधून आत घातलं. तोंडाच्या वीतभर अलीकडे गज अडला. तिनं सगळा जोर लावला. तांबड्या मातीचं ढेकूळ भसकन बाहेर पडलं आणि फुटलं.

सावित्रीनं खाली पाहिलं. ही शेतातली माती. म्हणजे त्या रात्री बंदूक त्याच्याजवळ होती, आणि पळताना कुठेतरी चिखलात तोंडघशी पडली. डोक्यावर हात ठेवून तो खोटं बोलला होता.

कोंबड्या धावत आल्या आणि त्या मातीवर तुटून पडल्या. तिनं त्यांना हाकललं नाही. ती रडत रडत नळी घासत राहिली. आधी तारेचा ब्रश, मग रॉकेल, मग तेल. कसाही असला तरी तिचा माणूस होता, आणि त्याला फासावर जाऊ द्यायचं नव्हतं. उरलेली माती तिनं उकिरड्यात टाकली, गज गोवऱ्यांच्या ढिगात खुपसला आणि बंदूक होती तशी खुंटीला लावली. केरूला ती काही बोलली नाही.

सकाळी पाटलाच्या अंगणातल्या खळ्यात सगळी वाडी जमली. फौजदारानं आधी केरूची बंदूक मोडली आणि नळी नाकाशी नेली.

"तेलाचा वास येतोय. ताजा. कुणी साफ केली?"

"कुणी नाय, सायेब," केरू म्हणाला. "शिमग्यापासना कुणी हात नाय लावलेला."

फौजदारानं बंदूक बाजूला ठेवली. हवालदार केरूच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. बंदुकीच्या दारूचा वास तरी राहिला नाही, सावित्री स्वतःला समजावत होती.

मग शिवाची बंदूक. फौजदारानं नळी उजेडाकडे धरली. आरपार काहीच दिसेना. म्हाताऱ्या हवालदारानं बांबूची कामटी आत घातली. ती अडली. त्यानं जोर लावला, तशी तांबडी माती भसकन सारवलेल्या अंगणात पडली. फुटलेल्या ढेकळात एक पांढरी अळी वळवळत होती.

"कुंभारणीचं घर," हवालदार म्हणाला. "भादव्यात बांधलेलं दिसतंय. बंदूक झाडली असती, साहेब, तर हे राहिलं नसतं."

फौजदारानं शिवाला घरी जायला सांगितलं आणि बेडी केरूसमोर धरली. केरू वळून सावित्रीकडे पाहत होता.

पाटलाच्या कोंबड्या धावत आल्या आणि त्या मातीवर तुटून पडल्या.