यंदा यतिन येणार नाही

"नुसतं बोट नको दाखवूस, फुली मार," संजीव म्हणाला आणि त्याने पेन्सिल यतिनसमोर सरकवली.

यतिनने हात मागे घेतला. पॉइंट कुकच्या त्याच्या घरात जेवणाच्या टेबलावर गिप्सलँडचा नकाशा पसरला होता. हॉग डिअर या बुटक्या हरणाच्या शिकारीला वर्षातून एकच महिना परवानगी, एप्रिल. ज्या बॅरीच्या शेतावर हे तिघे मित्र जायचे, त्याला आज पाचच्या आत कळवायचं होतं, कुठला वीकएंड आणि शेताचा कुठला भाग. नाहीतर तो दुसऱ्या कोणाला देऊन मोकळा होणार होता. आणि ते रान यतिनइतकं कोणालाच माहीत नव्हतं. संजीव आणि मधू नेम छान धरायचे, पण हरीण कुठून येणार हे त्यांना हरीण निघून गेल्यावर कळायचं.

घोडं तिथेच अडलं होतं. यतिन यंदा जाणार नव्हता. मयूराला सहावा महिना होता. बायको पोटुशी असताना नवऱ्याने नारळ फोडायचा नाही, कोणाचा जीव घ्यायचा नाही, असं त्याच्या आईने, कांताबाईंनी बजावलं होतं. त्या बाळंतपणासाठी थेट कणकवलीहून इथे परदेशात आल्या होत्या. यतिन इंजिनियर माणूस, एरवी हसून सोडून दिलं असतं. पण याआधी दोनदा तो आणि मयूरा हॉस्पिटलमधून रिकाम्या हाताने परतले होते. त्यानंतर माणूस कशालाच हसत नाही. त्याने सगळं पाळलं. किचनमधल्या मुंग्यासुद्धा कागदावर घेऊन अंगणात सोडल्या. शेजाऱ्यांच्या वास्तुशांतीला नारळ फोडायची वेळ आली, तेव्हा हा बाथरूममध्ये जाऊन बसला होता.

"मेट, गोळी मी मारणार, पाप माझं," मधू म्हणाला. "पेन्सिलने कोणी मरतं का?"

"जागा मी दाखवली तर मीच मारल्यासारखं नाही का?"

"धन्य आहेस. आयटीत कशाला आलास, कीर्तनं करायची होतीस."

यतिन हसला, पण पेन्सिलला शिवला नाही. मनातून त्याला जायचं होतं, फार जायचं होतं. पहाटेचा तो ओला गवताचा वास, श्वास रोखून बसणं. पण त्याहून जास्त त्याला ती मुलगी हवी होती. मुलगी आहे हे कळल्यापासून तर रोज संध्याकाळी तो मयूराच्या पोटाशी तोंड नेऊन मालवणीत बोलायचा. मयूरा म्हणायची, पोर बाहेर येऊन आधी शिव्याच देईल.

आज तिचं स्कॅन होतं. तो रजा घेऊन तयारच बसला होता. "रूटीन आहे रे, आई आहेत ना बरोबर. तू या दोघांना एकदाचं मार्गी लाव," असं म्हणून ती स्वतःच गाडी घेऊन गेली होती. जाऊन तीन तास झाले होते. त्याने दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. ड्राइव्ह करत असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

पाच वाजायला पाच मिनिटं असताना बॅरीचा मेसेज आला. कधी आणि कुठे, लवकर सांगा.

"यतिन, प्लीज," संजीव म्हणाला.

यतिनने दाराकडे एकदा पाहिलं आणि पेन्सिल उचलली. "दुसरा वीकएंड घ्या. वारा बहुतेक दक्षिणेच्या समुद्राकडून असतो, म्हणून तुम्ही उत्तरेच्या कुंपणाला बसा, तुमचा वास जाणार नाही. उजाडताना ती पाणथळीतून झाडीत परत जातात. इथून." त्याने बारीकशी फुली मारली. आपण काही फार मोठं केलं असं त्याला वाटलं नाही. उलट थोडं बरं वाटलं.

संजीवने फोटो काढून बॅरीला पाठवला. मधूने यतिनच्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या एप्रिलला पोरीला घेऊन ये."

"आणतो की. रडून रडून तुमची सगळी हरणं उठवेल."

तिघेही मोठ्याने हसत होते, तेवढ्यात दार उघडलं. कांताबाई एकट्याच आत आल्या. पायातल्या चपला न काढता टेबलापर्यंत आल्या. यतिनने झटकन फुलीवर तळहात ठेवला, शाळेत असताना प्रगतिपुस्तकातले मार्क झाकायचा तसा.

"मयूरा कुठेय?"

"टॅक्सीत बसलीय. उतरत नाही."

"टॅक्सी? आणि आपली गाडी?"

त्यांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. संजीव अजून मस्करीच्या भरात होता. "काकू, शेवटचं विचारतो. दोन दिवस सोडा ना याला. बंदुकीला हात लावू देणार नाही, शप्पथ."

कांताबाईंनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. यतिनचा हात उचलून त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला.

"घेऊन जा त्याला," त्या म्हणाल्या. "आता काही पाळायचं राहिलं नाही."