निजलेल्यांचा ट्रे

मागच्या खोलीचं दार सताड उघडं दिसलं आणि सून तिकडे धावली. भाजीबाजारातून सवयीने आणलेली सालांची पिशवी तिने उंबऱ्यातच ठेवली.

सासूबाई कालच कायमच्या राहायला आल्या होत्या. ही खोली आता त्यांची. त्यामुळे आतले भुंगेऱ्याच्या अळ्यांचे बावीस ट्रे आजच जाणार होते. कोंबड्यांचा फार्मवाला एरवी खाद्य म्हणून थोड्याथोड्या अळ्या न्यायचा, आज सगळ्याच उचलणार होता. नवरा टेम्पो आणायला गेला होता. लोकांनी टाकलेली सालं आणि बेकरीतला शिळा पाव घालून आठ महिने तिने त्या वाढवल्या होत्या. सकाळपासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. नाकावर चष्मा, मांडीवर ट्रे.

"आई, अहो, हात कशाला घातलात? किळस नाही वाटली?"

"चौतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली मी. मला कसली किळस?" त्यांनी बोटाने दाखवलं. "या पांढऱ्या, न हलणाऱ्या कोण?"

"ते कोष. त्यातून भुंगेरे निघतात, ते अंडी घालतात."

"मग त्यांना या खादाडांत का ठेवलंस? बघ, कुशीत कुरतडलंय. ज्याला हलता येत नाही त्याला वेगळं निजवावं."

सून वाकून बघत राहिली. भुंगेरे कमी का निघतात म्हणून तिने कोंडा बदलला, पाव बदलला, खोलीत हीटरसुद्धा लावला. आणि घरचेच घरच्यांना खात होते. हसावं की कपाळावर हात मारावा, तिला कळेना.

सासूबाईंनी तोवर बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जुन्या ओढणीची घडी अंथरली होती. त्यावर कोष ओळीने निजले होते. डब्याला चिठ्ठी चिकटवली होती. तारीख, वेळ, संख्या एकेचाळीस. सुनेला एकदम बरं वाटलं.

बाहेर हॉर्न वाजला. नवरा आत आला आणि बाह्या सरसावून त्याने पहिला ट्रे उचलला.

"ठेव तो खाली," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या.

"अगं, पण तुझी खाट?"

"खिडकीखाली मावते. वितीने मोजलंय मी."

तो ट्रे हातात घेऊन बायकोकडे बघत राहिला. सासूबाईंनी बेचाळिसावा कोष अलगद निजवला.

"आणि चपला बाहेर काढून ये. भेटायची वेळ चार ते सहा."