रिकाम्या दिवाणखान्यातला आवाज

नवरा एल्डन वारल्याला चार वर्षं झाल्यावर थिओडोराने चेसापीकच्या खाडीकाठचं ते अडीचशे वर्षांचं घर विकायला काढलं. दोघांनी वीस वर्षं खपून त्याची एकेक फळी पुन्हा उभी केली होती. आज सामान हललं होतं आणि दलाल क्लेटन एका जोडप्याला घर दाखवायला घेऊन आला होता.

रिकाम्या दिवाणखान्यात त्याचा आवाज घुमला. "थिओबाई, काय घर ठेवलंयत हो! खाडी तर अगदी दारात!"

"भरतीला घरातही येते," ती म्हणाली.

सगळे हसले. त्यांचं हसू भिंतींवर आपटून परत आलं. तिचं वाक्य मात्र कापसात पडल्यासारखं विरून गेलं होतं.

ती खाकरली. मग मोठ्याने म्हणाली, "क्लेटन, माझा आवाज घुमत नाही रे."

"घसा बसलाय तुमचा. रात्री मध घालून गरम व्हिस्की घ्या." त्याचा शब्द न् शब्द छताला लागून वाजला.

सौदा ठरला. मोटारी निघून गेल्या. तिलाही निघायचं होतं, पण पाय निघेना. दिवाणखान्याच्या मधोमध उभं राहून तिने चार वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्याला हाक मारली.

"एल्डन!"

खोली गप्पच राहिली.

मग वर, त्यांच्या निजायच्या खोलीत, कुणीतरी मोकळेपणी हसलं. ते हसू तिचंच होतं. पाठोपाठ तिच्याच आवाजात कुणी लाडाने विचारलं, "एल्डन, गेली ना रे ती सगळी? मग खाली अजून कोण उभं आहे?"