वेशीवरचा राउटर

"ताई, बारा वाजेपर्यंत कॉल सुरू नाही झाले तर कंपनी मले काढून टाकते!" काजल नेटवाल्यांच्या ऑफिसच्या दारातूनच ओरडली. "अन् तुमचा माणूस म्हणते, लॅपटॉपच डब्बा आहे."

आठ दिवसांपूर्वीच तिला घरून विमा कंपनीचे कॉल घ्यायचं काम लागलं होतं. कंपनीला वायरचंच नेट चालायचं. बाकी सगळं नीट सुरू, कॉल तेवढे लागत नव्हते.

नेटवर्क सांभाळणाऱ्या दिपालीने तिला बसवलं आणि वेशीवरच्या राउटरचे नियम स्क्रीनवर घेतले. इथलं नेट बाहेरच्या जगाशी जोडलं जातं तिथे तो बसलेला. कुणाला जाऊ द्यायचं, कुणाला अडवायचं, सगळं त्याच्या हातात. एक जुना नियम सापडला: रेल्वे फाटकापलीकडच्या, काजलच्या अख्ख्या वस्तीचे कॉल बंद.

ती तडक मालकांच्या केबिनमध्ये शिरली. जितेंद्रसर ऑनलाइन मीटिंगमध्ये होते. त्यांनी नाइलाजाने माइक बंद केला.

"राहू दे तो नियम. मागं तिथून कोणीतरी फसवायचे कॉल केले होते."

"कोणी?"

"काय माहीत. ती वस्तीच तशी आहे."

"तेव्हा ही पोरगी शाळेत असंल, सर."

"हात नको लावू म्हटलं ना!" त्यांनी माइक सुरू केला.

दिपालीच्या अंगाची लाही लाही झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे अख्खी वस्ती फासावर, आणि वर दर महिन्याचं बिल त्यांच्याकडूनच! तिने जागेवर येऊन त्या नियमातून वस्तीचा क्रमांक खोडला. रिकाम्या जागी दुसरा एक क्रमांक टाकला.

"घरी विचार."

काजलने बहिणीला फोन लावला. "गुंजन, लॅपटॉपवर कॉल लावून पाय बरं!"

"लागला वं! कॉल लागला!" पलीकडून गुंजनचा आवाज सगळ्या ऑफिसने ऐकला.

काजल पर्स उचलून दाराकडे धावली, तोच केबिनचं दार आपटलं.

"दिपाली! माहा कॉल काहून कटला?"

"तुमच्या केबिनमधून मागं कोणीतरी काहीतरी केलं असंल, सर."

"अवं, पण मी काय केलं?" जितेंद्रसर लालबुंद झाले.

दिपालीने दारात थबकलेल्या काजलकडे बोट दाखवलं.

"ही बी आठ दिवसांपासून तेच विचारून राहिली."