बाकीच्यांना पत्ताही लागणार नाही

आमच्या विनीतने दोन वर्षं खपून सी भाषेत सर्व्हर लिहिला. त्याचं एकच पालुपद, "बाबा, याचे सगळे भाग सुटे आहेत. चालू सर्व्हरमधून कुठलंही मॉड्यूल काढा, बाकीच्यांना पत्ताही लागणार नाही!"

काल ओटीवर बसून कंपनीच्या साहेबांना ऑनलाइन दाखवताना त्याने एक मॉड्यूल काढलं आणि अख्खा सर्व्हर बसला. साहेबांनी कॅमेरा बंद केला.

"पण त्याचा बाकीच्यांशी काही संबंधच नव्हता!" विनीत डोकं धरून म्हणाला.

"तुझा काका आपल्या वाटणीच्या भिंतीचे चिरे काढून खेडला घेऊन गेला, तेव्हा तोही हेच म्हणाला होता," मी म्हटलं आणि आमच्या डोक्यावरच्या ताडपत्रीची दोरी पुन्हा ताणून बांधली.