भरपगारी मंगळवार

चप्पल ठमीचीच होती. अंगठा निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेला. सहा वर्षं ती चप्पल रोज सकाळी हर्षदाच्या दाराशी निघत होती. आज ती बी विंगच्या चौथ्या मजल्यावर, टेंबेबाईंच्या दाराबाहेर पडली होती. आणि आज ठमी सुट्टीवर होती.

हर्षदा त्यांच्या शेजारच्या घरी चुकून गेलेलं कुरियर घ्यायला वर आली होती. टेंबेबाईंच्या दारामागून भांड्यांचा आवाज येत होता. तिने बेल वाजवली नाही. खाली येऊन वॉचमनला, बुधाजीला, उगाच विचारल्यासारखं विचारलं.

"ठमीबाई ना? आली की सकाळीच," बुधाजी म्हणाला. "मागच्या महिन्यात पण आलेली. मंगळवारच होता."

घरी येऊन हर्षदाने स्वतः भांडी घासायला घेतली. हात चालत होते आणि डोकं त्याहून जोरात चालत होतं. ठमीला महिन्याला एक भरपगारी सुट्टी तिनेच देऊ केली होती. हर्षदा अंबरनाथला एका दातांच्या दवाखान्यात अर्धवेळ कामाला. "अर्ध्या दिवसाच्या माणसाला कसली आलीय सुट्टी?" असं डॉक्टर सरळ तोंडावर म्हणायचे. तिने आणि दुसऱ्या दोघींनी सहा महिने पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे महिन्याचा एक दिवस पदरात पडला. दुसऱ्याच दिवशी तिने ठमीला सांगितलं, "ठमीबाई, तुम्ही पण माझ्यासारख्याच अर्ध्या दिवसाच्या. महिन्याला एक सुट्टी घ्या. पगार कापणार नाही."

ठमीचा चेहरा पडला होता. "म्हंजे दुसरी बाई बघितलाव का?" तिने विचारलं होतं. तिची समजूत घालता घालता दोन महिने गेले होते. आणि आता ही बाई ह्याच सोसायटीत, आपल्या नाकासमोर दुसरं घर धरून बसली होती!

"मी बोललेलो ना?" रात्री जेवताना तुषार, तिचा नवरा, म्हणाला. "तू सुट्टी दिलीस, तिने डबल ड्यूटी लावली."

दुसऱ्या दिवशी ठमी वेळेवर आली. नेहमीसारखी आधी सासूबाईंजवळ जाऊन त्यांचे पाय दाबून आली.

"कालचा दिवस कसा गेला?" हर्षदाने सहज विचारल्यासारखं केलं.

"बरा गेला," ठमी म्हणाली आणि पीठ मळायला बसली.

बस्स, एवढंच. हर्षदाच्या मनात काटा रुतला. महिनाभर ती ठमीकडे बघत राहिली. ठमी लवकर निघाली तर का निघाली, फोनवर हळू बोलली तर कोणाशी बोलली. साखरेचा डबा तिने दोनदा उघडून पाहिला, मग स्वतःचीच लाज वाटून झाकण घट्ट लावलं. पण संशय काही गेला नाही.

पुढचा महिना लागला. "ताई, मंगळवारी नाय यायची," ठमीने सांगितलं. हर्षदाने मान हलवली आणि दवाखान्यात त्याच मंगळवारी स्वतःची सुट्टी टाकली. "काही विशेष?" डॉक्टरांनी विचारलं. "घरचं काम आहे," ती म्हणाली.

मंगळवारी पावणेआठला ती खिडकीत उभी होती. गेटपाशी रिक्षा थांबली. ठमी उतरली आणि पुराच्या पाण्याची रेघ अजून भिंतीवर दिसणाऱ्या पार्किंगमधून सरळ बी विंगमध्ये शिरली. हर्षदाने दहा मिनिटं जाऊ दिली. मग लिफ्ट सोडून जिन्याने चार मजले चढली. काय बोलायचं ते तिने घोकून ठेवलं होतं. बेल वाजवली.

दार ठमीनेच उघडलं. कोपरापर्यंत साबणाचा फेस. हर्षदाला बघून ती दचकली.

"ताई? काय झालं? आयींना काय झालं का?"

"आई बऱ्या आहेत. सुट्टी मी देते, पगार मी देते, आणि तुम्ही इथे दुसऱ्यांची भांडी घासताय?"

"आसं व्हय!" ठमीचा जीव भांड्यात पडला. "ह्ये घर माझं नाय, ताई. सरस्वतीचं हाय. माझ्या पाड्यावरची पोर. सातवा लागलाय तिला. म्हैन्याला तपासनीला जावा लागतं सरकारी दवाखान्यात. ह्या मॅडम खाड्याचा पगार कापतात. दोन खाडे झाले तर दुसरी बाई ठेवीन बोलल्या. म्हनून तिच्या बदली मी येते."

"आणि ती तुम्हाला काय देते?"

"ती काय देनार?" ठमीला प्रश्नच कळला नाही. "माझा आजचा पगार तर तुमीच देताव."

आतून टेंबेबाईंनी "कोण आहे गं?" म्हणून हाक मारली. ठमीने पदराला हात पुसले, पुढे झाली आणि काळजीने हळूच म्हणाली, "पन तुमी आज घरी कशा? तुमचा पगार नाय का कापनार?"

"नाही कापणार," हर्षदा खाली बघत म्हणाली. "मलाही आज भरपगारी सुट्टी आहे."

ठमीचं तोंड एकदम उजळलं.

"मंग तुमी कुनाच्या बदली आलाव?"