सोपिनाची टाच

किनाबालू पर्वताच्या पायथ्याशी कोबी पिकवणारी सोपिना गेल्या वर्षी वाटाड्याच्या परीक्षेतून बूट गळ्यात लटकवून अनवाणी परतली होती. सकाळच्या बाजारात घेतलेला बूट चढणीवर चावला होता. वाटाड्या गुम्पुसमामाने गावभर तिची नक्कल केली. यंदा तिने दिवसभर टोपल्या वाहून पाय सुजल्यावरच बूट निवडले आणि ते घालूनच शेतात राबली. "शेतात चाललीस की लग्नाला?" मामा खिदळायचा. आज परीक्षेच्या चढणीवर टाच जराशी गरम लागताच ती थांबली. टाच बुटात मागे घट्ट बसवून तिने घोट्यापाशी नाड्या आवळल्या आणि शिखर गाठून सगळ्यांआधी उतरली. मागून उमेदवारांसोबत चढलेला मामा आला. "दाखव टाच!" तिने मोजा उतरवला. टाच लालसुद्धा झाली नव्हती. मामाने आपला बूट काढला. मग स्वतःची सोललेली टाच पुढे करत म्हणाला, "पोरी, नाड्या कशा बांधल्यास?" "का मामा, लग्नाला निघालास?"